तीन बाइटांचा प्रवास

साध्या यूएसबी माउसच्या पोटात दीड किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. डेटाच्या दोन तारांपैकी एकीचं व्होल्टेज तो वर ओढून धरतो. माउस जोडला की संगणकाच्या बाजूला ती तार वर गेलेली दिसते आणि एवढ्यावरूनच कळतं, की कुणीतरी आलं आहे. दोहोंपैकी कोणती तार वर गेली, त्यावरून आलेलं उपकरण कमी वेगाचं आहे की जास्त, हेही समजतं. अजून एकही बाइट इकडून तिकडे गेलेला नसतो, आणि तरी दोन यंत्रांची पहिली ओळख झालेली असते.

नव्या उपकरणाला स्वतःचा पत्ता नसतो. म्हणून यूएसबीच्या नियमाप्रमाणे ते आधी शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर उत्तर देतं. संगणक त्याच्याकडून अठरा बाइटांचा ठरावीक मजकूर मागून घेतो. त्यात बनवणाऱ्या कंपनीचा सोळा बिटांचा क्रमांक असतो आणि त्या कंपनीने त्या वस्तूला दिलेला सोळा बिटांचा क्रमांक असतो. उपकरणाला १ ते १२७ यांतला एक पत्ता दिला जातो. आणखी विचारपूस झाली की माउस आपली जात सांगतो: वर्ग ३, उपवर्ग १, प्रोटोकॉल २. वर्ग ३ म्हणजे माणसाने हाताळायची साधनं. उपवर्ग १ म्हणजे संगणक नुकताच सुरू होत असतानाही समजेल अशी सोपी भाषा बोलणारं. प्रोटोकॉल २ म्हणजे माउस. तिथे १ असता, तर तो कीबोर्ड ठरला असता.

आता ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्याकडच्या याद्या चाळतो. प्रत्येक डिव्हाइस ड्रायव्हरने आधीच सांगून ठेवलेलं असतं, की अमुक क्रमांकाची, अमुक वर्गाची उपकरणं मी सांभाळेन. जुळणी झाली की त्या ड्रायव्हरमधलं 'प्रोब' नावाचं फंक्शन बोलावलं जातं. इथून पुढे त्या वस्तूची सगळी जबाबदारी कुणा एका माणसाने लिहिलेल्या कोडवर येते.

हा कोड लिहिणं हा पूर्णवेळ व्यवसाय आहे, आणि त्यात शिरू पाहणाऱ्यांना मला एकच गोष्ट सांगायची आहे. सगळं शिकून मग सुरुवात करू, असं म्हणू नका. एक वस्तू निवडा आणि ती तळापर्यंत समजून घ्या. माउससारख्या साध्या वस्तूतही या व्यवसायाचे जवळजवळ सगळे नियम दडलेले आहेत.

अडीचशे ओळी

लिनक्सचा कर्नल कुणालाही उघडून वाचता येतो. २०२५ च्या सुमारास त्यातल्या ओळी चार कोटींच्या घरात पोचल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. एवढा पसारा पाहून कुणाचीही छाती दडपेल. पण त्याच पसाऱ्यात यूएसबी माउसचा एक छोटा ड्रायव्हर आहे, व्होयतेख पाव्लिक या चेक प्रोग्रॅमरने १९९९ ते २००१ या काळात लिहिलेला. सगळा मिळून सुमारे अडीचशे ओळींचा. रोजच्या संगणकावर माउस सांभाळतो तो याहून मोठा, सर्वसाधारण ड्रायव्हर. हा छोटा मात्र शिकणाऱ्यासाठी खजिना आहे.

त्यातलं प्रोब फंक्शन पाहा. आधी ते स्वतःच्या नोंदींसाठी मेमरी मागतं. मग कर्नलच्या इनपुट विभागाकडे एक नवं साधन मागतं. मग माउसचे बाइट येऊन पडतील अशी जागा, मग यूएसबीकडे पाठवायच्या मागणीचा अर्ज. यातलं काहीही नाकारलं जाऊ शकतं. तिसरी गोष्ट मिळाली नाही, तर दुसरी परत करायची आणि मग पहिली. घेतलेल्याच्या बरोबर उलट क्रमाने परतफेड. सी भाषेतली 'गोटू' वापरू नये असं आपण कॉलेजात शिकतो, आणि इथे तीच 'गोटू' ही परतफेड नेमकी आणि वाचायला सोपी करून टाकते. चूक झाली तर कसं मागे फिरायचं, हा विचार ड्रायव्हरमध्ये पहिल्या ओळीपासून करावा लागतो. परत न केलेली मेमरी संगणक बंद होईपर्यंत अडकून राहते.

दुसरी एक गोष्ट पाहून मी थक्क झालो. माउस जोडला गेला, ओळखला गेला, ड्रायव्हर तयार झाला, तरी ड्रायव्हर माउसकडून काहीच मागवत नाही. वरच्या थरातला एखादा प्रोग्रॅम ते साधन उघडतो, तेव्हाच पहिली मागणी जाते. ऐकणारं कुणी नसेल, तर विचारायचं कशाला? वीज आणि वेळ यांची अशी काटकसर ड्रायव्हरच्या ओळीओळीत मुरलेली असते.

माउस हलतो तेव्हा

ऑप्टिकल माउसच्या तळाशी एक इवलासा कॅमेरा असतो. टेबलाच्या पृष्ठभागाची तो सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं घेतो. लागोपाठच्या दोन चित्रांची तुलना करून त्यातली चिप ठरवते, की आपण किती आणि कुठे सरकलो. संगणकाला मात्र ती एकही चित्र देत नाही. सोप्या भाषेत बोलणारा माउस देतो ते फक्त तीन बाइट. पहिल्यात कोणतं बटण दाबलं ते, दुसऱ्यात आडवी सरक, तिसऱ्यात उभी सरक. समजा ०, ५, २५३ असे तीन बाइट आले. बटण दाबलेलं नाही. उजवीकडे ५. आणि २५३? चिन्ह असलेल्या एका बाइटात २५३ म्हणजे वजा ३, म्हणून वर ३. तुमच्या मनगटाची हालचाल एवढीशी होऊन संगणकात शिरते.

यूएसबीवर माउस आपणहून काहीच बोलू शकत नाही. संगणकातला यूएसबी कंट्रोलर त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, साध्या माउसला सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा आणि गेम खेळायच्या माउसला हजार वेळाही. सांगण्यासारखं काही नसेल, तर माउस 'नाही' एवढंच कळवतो. हे प्रश्नोत्तर मुख्य प्रोसेसरच्या कानावरही जात नाही. माउस खरोखर हलला, की कंट्रोलर ते तीन बाइट स्वतःच मेमरीत ठरलेल्या जागी लिहितो आणि मग प्रोसेसरला हाक मारतो. या हाकेचं नाव इंटरप्ट.

इंटरप्ट आला, की प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे सोडतो. मग ते काम व्हिडिओ दाखवण्याचं असो की बँकेचा हिशेब करण्याचं. गॅसवर फोडणी तडतडत असताना दाराची बेल वाजावी, तसं हे आहे: गॅस बारीक करायचा, आलेलं पार्सल घेऊन बाजूला ठेवायचं आणि लगेच कढईपाशी परतायचं. पार्सल उघडून बघणं नंतर. इंटरप्ट हाताळणारा कोडही असाच दोन भागांत लिहितात. वरचा भाग निकडीचं तेवढंच करतो, उरलेलं काम खालच्या भागासाठी ठेवून देतो. आणि वरच्या भागाला एक कडक बंधन असतं: तिथे झोपायचं नाही. मेमरी मोकळी होईपर्यंत थांबतो, डिस्कवरून काही येईपर्यंत वाट पाहतो, असं काहीही तिथे चालत नाही.

माउसच्या ड्रायव्हरमध्ये हा नियम एका शब्दात उतरला आहे. तीन बाइट वरच्या थराला पोचवून झाले, की ड्रायव्हर पुढची मागणी लगेच पाठवतो, आणि त्या मागणीसोबत 'जीएफपी अॅटॉमिक' असा इशारा देतो. अर्थ असा: मेमरी लागली तर असेल तेवढ्यातून दे, नसेल तर नाही म्हण, पण मला थांबवू नकोस. इथे चुकून दुसरा, थांबायला परवानगी देणारा शब्द लिहिला, तर ड्रायव्हर अनेक दिवस बिनतक्रार चालेल आणि मेमरी कमी पडलेल्या एखाद्या क्षणी अख्खा संगणक गोठेल. या व्यवसायातल्या चुका अशा असतात. त्या चाचणीत लपतात आणि गर्दीच्या वेळी उगवतात.

वाचलं की बदलतं

साध्या प्रोग्रॅमच्या जगात मेमरीतला आकडा दोनदा वाचला, तर दोन्ही वेळा तोच मिळतो. कंपायलर याच भरवशावर कोड आटोपशीर करतो. यंत्राच्या रजिस्टरांना, म्हणजे त्याच्या चिपमधल्या वाचता-लिहिता येणाऱ्या छोट्या कप्प्यांना, हा भरवसा लागू नाही. सिरियल पोर्टच्या चिपमधलं डेटाचं रजिस्टर वाचलं, की आलेला बाइट रांगेतून निघून जातो आणि पुढच्या वाचनाला पुढचा बाइट हाती येतो. डीबगरमधून नुसतं डोकावून पाहिलं, तरी एक अक्षर गायब. लिहिण्याचंही तसंच. पीसीआय बसवर पाठवलेला आकडा वाटेतल्या एखाद्या पुलावर थोडा वेळ थांबून राहू शकतो. तो खरंच पोचला याची खात्री हवी असेल, तर त्याच यंत्रातून काहीतरी वाचावं लागतं, कारण वाचनाचं उत्तर येण्याआधी अडकलेलं लेखन पुढे ढकललं जातंच. म्हणून कर्नलमध्ये रजिस्टर वाचायला-लिहायला वेगळी फंक्शनं असतात. कंपायलरचं आणि प्रोसेसरचं मन कुठे आवरायचं, हे ती जाणतात.

त्यात आजच्या प्रोसेसरला अनेक गाभे असतात. एक गाभा इंटरप्ट हाताळत असतानाच दुसऱ्यावर कुणीतरी तेच साधन बंद करत असेल. त्याच क्षणी वापरणाऱ्याने केबलच उपटलेली असेल. हे सगळे क्रम मनात एकाच वेळी मांडून पाहणं आणि नेमक्या जागी कुलूप लावणं, हे या कामातलं सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत सुंदर कौशल्य आहे.

एका ओळीचं वजन

हे सगळं इतक्या जपून करायचं, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आत, पूर्ण अधिकाराने चालतात. ब्राउझर कोसळला तर ब्राउझर बंद होतो. ड्रायव्हर कोसळला, तर संगणकच कोसळतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स आणि ओपनबीएसडी यांचे कर्नल तपासले. ड्रायव्हरांमधल्या चुकांचं प्रमाण कर्नलच्या बाकी भागाच्या तीन ते सात पटींपर्यंत असल्याचं त्यांना दिसलं. विंडोज एक्सपीच्या बंद पडण्यांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होतात, असा आकडा २००३ मधल्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात दिला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधला, कर्नलमध्ये चालणारा भाग एका अपडेटमुळे कोसळला. वीसच आकडे दिलेल्या यादीतला एकविसावा तो वाचायला गेला होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

मेमरीच्या अशा चुका भाषेनेच अडवाव्यात, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट भाषेलाही जागा मिळाली. तरी आजचा बहुतेक सगळा कोड सीमध्ये आहे, आणि ती पक्की आल्याशिवाय इथे पाऊल टाकता येत नाही.

कुठून सुरू करावं

सी येते म्हणजे काय येतं? पॉइंटर, स्ट्रक्चर, बिटांची उलथापालथ आणि मेमरीचा हिशेब. त्यासोबत संगणकाची रचना हवी: कॅश, इंटरप्ट, खरा पत्ता आणि आभासी पत्ता यांतला फरक. एवढ्या शिदोरीवर निघता येतं.

पहिलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोडाचा तुकडा, दहा-पंधरा ओळींचं असतं. कर्नलमध्ये घातलं की एक वाक्य नोंदवतं, काढलं की दुसरं. ते नेहमी आभासी यंत्रात चालवा. आपल्या चुकीने तिथला कर्नल शंभरदा कोसळला, तरी आपला संगणक शाबूत राहतो. मग वाचता आणि लिहिता येईल असं एखादं काल्पनिक साधन बनवा.

त्यापुढचा टप्पा पाहून मला या क्षेत्रातल्या लोकांबद्दल फार आदर वाटला. क्यूएमयू हे मोफत सॉफ्टवेअर अख्खा संगणक आभासी रूपात उभा करतं, आणि त्यात 'एज्यु' नावाचं एक पीसीआय उपकरण आहे. ते जगात कुठेही विकत मिळत नाही. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात लिनक्स कर्नलचा अभ्यासक्रम चालत असे, त्यातल्या विद्यार्थ्यांना ड्रायव्हर लिहिण्याचा सराव मिळावा, एवढ्यासाठी यिरी स्लाबी यांनी ते घडवलं. त्याच्या एका रजिस्टरमध्ये आकडा लिहिला की त्याचे सगळे बिट उलटे होऊन परत मिळतात, म्हणजे यंत्र जिवंत आहे. दुसऱ्यात ५ लिहिले की ते फॅक्टोरियल काढून १२० देतं. हवं असेल, तर काम झाल्यावर इंटरप्टही देतं. रजिस्टर ३२ बिटांचं आहे, म्हणून १२ चं फॅक्टोरियल मावतं आणि १३ चं मावत नाही. त्याच्या वर्णनाची दोन-तीन पानं वाचून ड्रायव्हर लिहिणं, हा या व्यवसायाचा खराखुरा सराव आहे, तोही एक पैसा खर्च न करता.

मग खरी वस्तू हाती घ्या. रास्पबेरी पायसारखा बोर्ड आणि एलएम७५ हा तापमानाचा सेन्सर पुरतो. आयटूसी बसच्या दोनच तारांवर तो बोलतो. तापमान मागितलं की दोन बाइट देतो. २५ आणि १२८ आले, तर साडेपंचवीस अंश: पहिला बाइट पूर्ण अंशांचा, दुसऱ्याचा सर्वांत वरचा बिट अर्ध्या अंशाचा. लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर मात्र २५५०० असा आकडा दाखवतो, कारण कर्नलमध्ये दशांशाचं गणित सहसा करत नाहीत, तापमान अंशाच्या हजाराव्या भागात मोजतात. हे सगळं डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. डेटाशीट शब्दन् शब्द वाचणं ही या कामाची निम्मी तालीम आहे. उरलेली निम्मी म्हणजे डेटाशीट आणि हातातली चिप यांचं जमत नसेल, तेव्हा चिपचं खरं मानणं. कर्नलमध्ये पीसीआय उपकरणांच्या अशा खोडी सांभाळणारी एक स्वतंत्र फाइलच आहे.

वाचायला जोनाथन कॉर्बेट, अलेस्सांद्रो रुबिनी आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' घ्या. त्याची तिसरी आवृत्ती २००५ ची आहे आणि मोफत उपलब्ध आहे. त्यातली अनेक फंक्शनं आता बदलली आहेत, विचार मात्र टिकून आहेत. विंडोजकडे ओढा असेल, तर मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर फ्रेमवर्क आणि त्यांनी खुले ठेवलेले नमुना-ड्रायव्हर आहेत. रजिस्टर, इंटरप्ट आणि कुलपं दोन्हीकडे सारखीच.

शिकाऊ आणि व्यावसायिक

व्यावसायिक होण्याची पायरी म्हणजे आपला कोड दुसऱ्यांपुढे ठेवणं. लिनक्समध्ये बदल पॅचच्या रूपाने, साध्या ईमेलने जातो. कुणाकडे पाठवायचा ते कर्नलसोबतच येणारी एक स्क्रिप्ट सांगते, लिहिण्याची शिस्त दुसरी तपासते. शेवटी आपल्या नावाची एक ओळ लिहायची असते. हे मी लिहिलं आहे किंवा देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही. ही पद्धत २००४ पासून आहे. मग त्या विभागाचा मेंटेनर ओळ न् ओळ वाचतो आणि प्रश्न विचारतो. पॅच तीन-चार वेळा परत येणं इथे रोजचंच आहे, ती शिकवणी आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि स्वीकारलेला पॅच लेखकाच्या नावानिशी कायम नोंदला जातो. नोकरी देणाऱ्याला दाखवायला याहून चांगलं प्रमाणपत्र नाही.

हे काम चिप बनवणाऱ्या, फोन, मोटारी, नेटवर्क आणि साठवणुकीची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत असतं. चिप प्रत्यक्ष बनून येण्याआधीच तिचा ड्रायव्हर आभासी चिपवर लिहायला घेतात. पुण्यात सी-डॅकच्या एम्बेडेड सिस्टिम्स डिझाइन या पदव्युत्तर पदविकेत डिव्हाइस ड्रायव्हर हा विषयच आहे. सी-डॅकचे वेगा आणि आयआयटी मद्रासचे शक्ती हे भारतात घडवलेले प्रोसेसर आहेत, आणि त्यांच्याभोवतीच्या प्रत्येक यंत्राला ड्रायव्हर लागणारच. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हे हेलिकॉप्टरही लिनक्सवरच चालत होतं.

या वाटेवर फाटक नाही. ज्या कोडवर जगातली यंत्रं चालतात, तोच कोड विद्यार्थ्यालाही जसाच्या तसा वाचायला मिळतो, असे व्यवसाय फार थोडे. तेव्हा सी येत असेल, तर या आठवड्यात एक आभासी यंत्र उभारा आणि पहिलं मॉड्यूल लिहा. मग एक उपकरण निवडा, स्वस्तातलं, साधं. त्याची डेटाशीट आणि त्याचा ड्रायव्हर शेजारी शेजारी ठेवा, आणि प्रत्येक ओळ तशीच का लिहिली आहे ते सांगता येईपर्यंत दुसऱ्या उपकरणाकडे वळू नका.